वाघवाला फॉन्ट

घुग्घुसमध्ये बारीक अक्षर आठवडाभरही जगत नाही, असं नूर मोहम्मद पेंटर सांगायचे. कोळशाचे ट्रक थांबत नाहीत, सिमेंटची धूळ वरून पडत राहते, आणि सोमवारी रंगवलेला बोर्ड शुक्रवारी चुलीतून काढल्यासारखा दिसतो. म्हणून त्यांनी चाळीस वर्षं जाड अक्षर काढलं. खाणीच्या फाटकावरचं ‘सावकाश चला’, वजनकाट्याजवळचं ‘इंजिन बंद करा’, रुळांपाशी ‘थांबा’. पाळी संपवून मोटारसायकलवर पेंगत घरी निघालेला माणूसही ते वाचूनच पुढे जायचा.

जाड अक्षर काढणं म्हणजे रुंद ब्रश घेणं नव्हे, हे आफ्रीनने त्यांच्याकडूनच ऐकलं होतं. ती त्यांची एकुलती एक मुलगी. घरात हिंदी चालायची, पण अब्बा मराठी शाळेत शिकलेले, आणि अक्षरांविषयी बोलायचं झालं की ते आपसूक मराठीवर यायचे. “बेटा, बाहेरून चरबी चढवली की आतली जागा मरते,” ते म्हणायचे. “‘घ’च्या पोटात, ‘थ’च्या गाठीत जे पांढरं राह्यते ना, माणूस तेच वाचते. काळं तर नुसतं कुंपण आहे. आणि इथी तर त्या पांढऱ्यात धूळ बसते. म्हणून ते आधीपासूनच मोठं ठेवाचं.”

एकसष्टाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची नजर नेली. उजेड कळायचा, माणूस उभा आहे एवढं कळायचं, त्यापलीकडे काही नाही. तोवर दुकानात ब्रशचं काम तसंही उरलं नव्हतं. आफ्रीनचा नवरा फैज फ्लेक्सचं मशीन चालवायचा आणि आफ्रीन संगणकावर डिझाइन करायची. वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, कोचिंग क्लास, पुण्यस्मरण. सकाळी बसली की दुपारपर्यंत दहा-बारा माणसांचे चेहरे गोरे करून व्हायचे. बाजारात मिळणारी तीच चार-पाच जाड अक्षरं ती रोज वापरायची. त्यांच्या जोडाक्षरांत शाई भरून काळा गोळा व्हायचा, आणि ते तिला रोज खुपायचं. मग फावल्या वेळात ती अब्बांच्या उरलेल्या बोर्डांचे फोटो काढत फिरू लागली. त्यातून फॉन्ट करायचा असं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही झालंही नव्हतं. ‘क’, ‘म’, ‘ट’ आणि अर्धवट ‘ह’.

दिवाळीत दिनेश दुकानात आला. शाळेत तो तिच्याच वर्गात होता, आता धानोऱ्याच्या बाजूला वनरक्षक होता. सुटीवर घरी आला की अब्बांना भेटायला यायचा. या वेळी त्याचे गाल आत गेलेले दिसले.

“माह्या बीटात दोन माणसं गेली यंदा,” खुर्चीत बसत तो म्हणाला. “एक पावसाळ्यात, गुरांमागं. दुसरी बाई होती, जळणाच्या काड्याले गेली होती. वाघीण आहे. तिले बछडे आहेत. काय करते माणूस?” त्याने मोबाइल पुढे केला. “हा बोर्ड पाह्य. ऑफिसातून आलेला.”

फलकावर वर दोन बोधचिन्हं होती, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत नऊ ओळी.

“हे वाचेपर्यंत वाघ येऊन, माणूस नेऊन, नाल्यावर पाणी पिऊन जाते,” दिनेश म्हणाला. तो हसला नाही. “मले चाचाचं अक्षर पाह्यजे, आफ्रीन. खाणीवरचं. शंभर पावलांवरून दिसंल असं.”

“अब्बांना दिसत नाही रे आता.”

“तू आहेस ना.”

पुढचे तीन महिने आफ्रीनने त्यात घातले. दिवसा गिऱ्हाइकं, आणि मधे जो वेळ मिळेल त्यात अक्षरं. एकेक अक्षर झालं की ती कटिंगच्या मशीनवर जाड विनाइलमध्ये कापायची आणि अब्बांच्या हातात द्यायची. ते पलंगावर बसून बोटाने त्याच्या कडा चाचपायचे. बोट आत गेलं नाही की अक्षर परत. “इथी अंगठा अडून राह्यला,” ते म्हणायचे, किंवा “हा ‘भ’ नाई, ‘म’ आहे. गाठ कुठी गेली?” एका ‘ध’ साठी त्यांनी तिला सहा वेळा माघारी पाठवलं. ती चिडली, एकदा रडलीही. पण सातव्या वेळी त्यांनी अक्षर उशीखाली ठेवून घेतलं आणि परत दिलंच नाही, तेव्हा तिला कळलं की ते जमलं.

जानेवारीत ती नमुन्याचे कागद गुंडाळून एसटीने मूलवरून गडचिरोलीला आणि तिथून धानोऱ्याला गेली. दिनेश तिला मोटारसायकलवर आतल्या गावात घेऊन गेला. पस्तीस घरं, शेवटच्या घरामागून सागाचं रान सुरू. त्या शेवटच्या घरात इसरू आणि सुकरी राहत. तीन एकर धान, बाकी सगळं जंगलाच्या भरवशावर: मोहफुलं, तेंदूपत्ता, हिरडा. इसरू सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेला. गावात कागद आला की तो वाचून दाखवायचा. सुकरीने दोन-तीन वर्षं शाळा पाहिलेली, तिला अक्षरं ओळखू यायची, पण एकेक.

दिनेशने मोहाच्या खोडाला कागद लावले आणि माणसांना लांब उभं केलं. इसरूला हा खेळ फारच आवडला. तो एकेक शब्द वाचत मागे मागे जात राहिला. “अजून दिसते! अजून दिसते!” असं ओरडत बांधावरून धानाच्या बांधीत उलटा पडला, आणि सगळं गाव हसलं. सुकरी मात्र जागची हलली नाही. बराच वेळ कागदाकडे बघून तिने विचारलं, “पयलं काय लिवलं आहे?”

“वाघ,” आफ्रीन म्हणाली. “‘सावधान, वाघ आहे.’”

सुकरीने पदर तोंडावर घेतला. “असं नाव घेत नसते बाई त्याचं. जंगलाच्या तोंडावर उभं राहून, एवढ्या मोठ्यानं. आमी तर घरातबी हळूच बोलतो.”

आफ्रीनने खोडावरच्या कागदाकडे पाहिलं. आपलं अक्षर लांबून दिसेल का, एवढाच विचार तिने केला होता. ते मोठ्याने बोलतं हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“मग काय लिहू?” तिने विचारलं.

“एकटं जाऊ नोका म्हणून लिव. कायले, ते समद्याइले ठाऊक आहे.”

ऑफिसला हे पटवताना दिनेशची दमछाक झाली. वरून आलेला मजकूर ‘मानव-वन्यजीव संघर्षप्रवण क्षेत्र’ असा होता आणि तो त्या अक्षरात एका ओळीत बसवायचा तर फलक बैलगाडीएवढा लागला असता. शेवटी साहेबांची बदली जवळ आलेली, ते म्हणाले, करा काय करायचं ते. फक्त ‘नोका’चं ‘नका’ झालं. फेब्रुवारीत पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत ‘एकटं जाऊ नका’ असे अकरा फलक रानाच्या वाटांवर उभे राहिले. सुकरीच्या घरामागच्या वाटेवरच्या फलकासाठी खड्डे इसरूने स्वतः खोदले. दिनेशने फोटो पाठवला, तो आफ्रीनने अब्बांना वर्णन करून सांगितला. त्यांनी एवढंच विचारलं, “‘ऊ’चा फाटा वेगळा दिसते ना?” दिसत होता. त्या दिवशी आफ्रीनला वाटलं, आयुष्यात एक काम नीट झालं.

फॉन्ट बाहेर कसा गेला हे नक्की कधीच कळलं नाही. फलक गडचिरोलीच्या एका प्रेसमध्ये छापले होते, तिथे तिने फाइल दिली होती. बहुधा तिथल्या ऑपरेटरने मित्राला दिली, मित्राने ग्रुपवर टाकली. सोबत तिचाच जुना नमुना गेला, ज्यावर मोठ्ठं ‘वाघ’ लिहिलेलं होतं. त्यामुळे तिने दिलेलं ‘नूर’ हे नाव कुणाच्या कानापर्यंत पोचलंच नाही. दोन जिल्ह्यांतले फ्लेक्सवाले त्याला ‘वाघवाला फॉन्ट’ म्हणू लागले.

पहिल्यांदा तिला तो चंद्रपूरच्या बसस्टँडसमोर दिसला. कुण्या युवा नेत्याचा वाढदिवस, वीस फुटी फ्लेक्स, आणि नावाच्या सुरुवातीलाच तिचा तो ‘ध’. तिने रागाने प्रेसला फोन केला.

“तुमचा आहे काय मॅडम?” तिकडचा माणूस खरोखरच चकित झाला. “मले तर व्हॉट्सॲपवर आला. लय भारी आहे. सगळेच वापरून राह्यले.”

फैजला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. “अच्छा आहे म्हणून तर उचलतात लोक. अब्बाचं अक्षर घरोघरी गेलं समज.”

ती भांडली, एक-दोन ठिकाणी अर्जही केले. मग थकली. एवढ्या माणसांशी कोण भांडणार? पावसाळा संपेपर्यंत तिचं अक्षर सगळीकडे होतं. कपड्यांच्या सेलवर, बिर्याणीच्या गाडीवर, मूळव्याधीच्या डॉक्टरच्या पाटीवर, मंडळांच्या कमानींवर, श्रद्धांजलीवर. लोकांनी त्याला लाल कड दिली, मागे सोनेरी सावली लावली, बाजूने ओढून लांब केलं. जिथे अब्बांनी अंगठा घालून जागा राखायला लावली होती तिथे कुणीतरी चांदण्या भरल्या. दुकानात गिऱ्हाईक यायचं आणि तिलाच सांगायचं, “ताई, ते वाघवालं अक्षर टाका, उठून दिसते.” ती टाकायची. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. तिला फक्त एवढं दिसत होतं की आता काहीच उठून दिसत नाही. चंद्रपूरहून घरी येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ते एकाच आवाजात ओरडत असायचं, आणि ती एसटीच्या खिडकीशी डोळे मिटून बसायची.

अब्बांना तिने यातलं काही सांगितलं नाही. ते विचारायचे, “जंगलातले बोर्ड टिकून आहेत ना?” ती हो म्हणायची.

पुढच्या वर्षी मार्च संपता संपता, सकाळी दहाच्या सुमाराला दिनेशचा फोन आला.

“इसरू गेला,” तो म्हणाला.

तिने फैजला मशीन बंद करायला खुणावलं.

“मोह वेचाले गेला होता पहाटं. एकटाच. घरामागच्या वाटेनं, दोनशे पावलं असंल फक्त.” मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. “आफ्रीन, आणखी एक आहे. आपला बोर्ड झाकलेला होता.”

“झाकलेला म्हणजे?”

“वाढदिवसाचा फ्लेक्स बांधून गेले होते त्याच्यावर. डांब आयते भेटले ना. पंधरा दिवसांपासून होता. म्या दोनदा सांगितलं काढा म्हणून, त्याइनं मलेच दम दिला. मंग म्यानं बी सोडून देलं. अकरा गावं आहेत माह्याकडं, मी कुठी कुठी पुरू?” त्याने तिकडे कुणाला तरी ‘आलो’ म्हणून सांगितलं. “आता चौकशीत विचारून राह्यले, फलक दिसत होता का म्हणून. म्यानं खरं तेच लिहून देलं.”

आफ्रीनने विचारू नये ते विचारलं. “अक्षर कोणतं होतं त्या फ्लेक्सवर?”

मागचा गलका कमी झाला, दिनेश बाजूला गेला असावा. मग म्हणाला, “तुले माहीत आहे.”

फोन ठेवल्यावर तिने दुकानाच्या संगणकावरच्या महिनाभराच्या सगळ्या फाइली उघडून बघितल्या. तो फ्लेक्स तिच्या दुकानातला नव्हता. फैज मागे उभा राहून बघत होता. “आपला नाहीये,” तो म्हणाला. “तू कशाला जिवाला लावून घेतेस?” ती हो म्हणाली. हायसं मात्र काही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी ती निघाली. ऑफिसने नवा, जास्त मोठा फलक मागितला होता. तो पार्सलने पाठवता आला असता, पण तिच्याने तसं करवेना. अब्बांना जाताना तिने सगळं सांगितलं, फॉन्ट कसा पसरला तेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वर्षभर खोटं बोललीस.” रागावून नाही, नुसतं सांगितल्यासारखं. “जा. त्या बाईच्या हाताचं पाणी पिऊन ये.”

एसटी वैनगंगेच्या पुलावर आली तेव्हा ऊन चढलं होतं. पुलाच्या दोन्ही तोंडांना फ्लेक्स होते. धानोऱ्यात फलक गावाकडे जाणाऱ्या टेम्पोत टाकून दिनेशने तिला मोटारसायकलवर घेतलं. त्याची दाढी वाढलेली होती. तो म्हणाला त्याची बदली होणार, कुरखेड्याकडे बहुतेक. “तिथी बी तेच आहे,” तो म्हणाला. “जंगल आहे, माणसं आहेत.”

फलकावरचा तो वाढदिवस आता कुणीतरी फाडून काढला होता. दोऱ्यांचे तुकडे डांबाला लोंबत होते. मागचा पिवळा पत्रा जसा लावला होता तसाच होता. उन्हाने विटलेला नाही, धूळ नाही, अक्षर स्वच्छ. आफ्रीन त्याच्याकडे बघत उभी राहिली. लांबून दिसत होतं. काही चूक सापडावी म्हणून ती शोधत होती आणि चूक सापडत नव्हती.

सुकरी घरापुढच्या पडवीत, सपरीत बसली होती. तिच्यापुढे सुपात मोहफुलं वाळत घातलेली. चार दिवसांत कुणीतरी पुन्हा वेचायला गेलं होतं तर. तिने आफ्रीनला ओळखलं, पाणी दिलं, बाज दाखवली.

आफ्रीन येताना वाटेत पुष्कळ काही मनात जुळवून आली होती. त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. तिने सरळच सांगितलं. “सुकरीबाई, तो फ्लेक्स ज्या अक्षरांत होता ना, ती माझीच होती. मी केली होती बोर्डासाठी. लोकांनी उचलली. माझ्याच अक्षरांनी माझा बोर्ड झाकला.”

सुकरीला हे कळायला वेळ लागला. मग तिने मान हलवली.

“तू कायले मनाले लावून घेऊन राह्यली, बाई? त्याले काय बोर्ड वाचून समजाचं होतं? खड्डे त्यानंच खोदले. रानातला तो तिथी आहे, हे आमच्या माणसाले माहीत होतं.” तिने सुपातली फुलं हाताने सारखी केली. “रोज आमी दोघं जात होतो. त्या दिवशी मले ताप होता. म्यानं म्हटलं, नोको जाऊ आज. तो म्हणे, मोह पडून राह्यला तं डुकरं खाऊन टाकतील. उजेड होता होता येतो म्हणे.”

अंगणात एक कोंबडी पिलं घेऊन फिरत होती. दिनेश बाहेर मोटारसायकलला टेकून उभा होता, आत यायचं धाडस त्याला झालं नव्हतं. सुकरीनेच हाक मारली, “ये ना भाऊ, पाणी पी,” तेव्हा तो आला आणि खाली मान घालून बसला.

आफ्रीन निघायला उठली तेव्हा सुकरी म्हणाली, “एक काम होतं तुह्याकडं.”

गावाबाहेर, पूर्वजांचे दगड उभे होते तिथे इसरूचाही दगड उभा केला होता. पूर्वी त्यावर कुणी काही लिहीत नसे, आता एक-दोघांनी नाव लिहून घेतलं होतं. तालुक्यातल्या एका माणसाने ‘फ्लेक्स छापून देतो, फोटो टाकून’ असं सुचवलं होतं. सुकरीला ते नको होतं.

“त्याले लिवता येत होतं,” ती म्हणाली. “त्याचं नाव त्याच्या दगडावर पाह्यजे. तू लिवून दे. पण ते बोर्डावानी नोको. बारीक लिव. तो हळू बोलणारा माणूस होता, वाचताना तेवढा ओरडाचा.”

आफ्रीनने बारीक अक्षर कधी केलंच नव्हतं. अब्बांनीही नाही. हातात ब्रश धरून तर तिला पंधरा वर्षं झाली होती. ती म्हणाली, “माझा हात वळत नाही बाई. बिघडेल.”

“बिघडू दे.”

दिनेश धानोऱ्याला जाऊन पांढऱ्या इनॅमलचा लहान डबा आणि तीन ब्रश घेऊन आला. तासाभरात. तोवर आफ्रीन सुकरीजवळ बसून राहिली. सुकरीने तिला फुलांतला केरकचरा वेचायला दिला आणि ती वेचत राहिली.

दगड कमरेएवढा होता, काळपट, खडबडीत. आफ्रीन त्याच्यासमोर मांडी घालून बसली. पहिला ‘इ’ काढताना ब्रश एका खळग्यात अडकला आणि रेघ वाकडी गेली. तिने रॉकेल लावून पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाकडी गेली. जाड अक्षरात अशी चूक लपते, वरून आणखी रंग चढवता येतो. बारीक रेघेला लपायला जागा नसते. चौथ्या वेळी तिने वाकडं तसंच राहू दिलं. ‘स’ बरा आला. ‘रू’शी ती खूप वेळ थांबली. त्याचा उकार कुठून सुरू करायचा हे तिला माहीत होतं, ती कितीतरी वेळा संगणकावर तो काढून बसली होती, पण इथे श्वास रोखून एका दमात काढावा लागला. शेपूट थोडी थरथरली.

सुकरी तिच्या खांद्यामागून बघत होती. तिने एकेक अक्षरावर बोट ठेवलं, रंगाला न लावता, हवेतच. “इ... स... रू,” ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, आवाज न करता, नुसते ओठ हलवून.

“जरा वाकडं झालं,” आफ्रीन म्हणाली.

“वाचता आलं ना मले,” सुकरी म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली. आफ्रीनही रडली. दिनेश थोडा दूर जाऊन उभा राहिला.

दहा पावलांवर गेलं की नाव दिसत नव्हतं. ते वाचायला जवळच यावं लागत होतं.

नवा फलक त्यांनी त्याच वाटेवर लावला, जुन्याच्या जागी, दिनेशने आणि गावातल्या चैतूने मिळून. जुना पत्रा सुकरीने मागून घेतला. सपरीवर घालायला होईल म्हणाली, एका कोपऱ्यात गळत होतं. अक्षरं आतल्या बाजूने की बाहेरच्या, ते ती ठरवणार होती.

आफ्रीन घरी पोचली तेव्हा रात्रीची नमाज होऊन गेली होती. अब्बा पलंगावर बसून वाट बघत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. बारीक अक्षर काढलं म्हटल्यावर त्यांनी चेहरा तिच्याकडे वळवला.

“कसं आलं?”

“‘इ’ बिघडला. ‘रू’ची शेपूट हलली.”

“दगडावर हलतेच,” ते म्हणाले. “टेकू घ्याचा असते डाव्या हाताचा. म्या तुले शिकवलंच नाई ते.” मग म्हणाले, “मले बी येत नव्हतं धड. म्हणून तर म्या जाड काढत गेलो.”

हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. आफ्रीनने त्यांचे पाय चेपायला घेतले. तिच्या नखांत पांढरा रंग बसलेला होता, रॉकेलने तो निघाला नव्हता. पलीकडे दुकानात मशीन चालू होतं, फ्लेक्सचा तो गोडसर वास घरात येत होता. फैजने दारातून डोकावून सांगितलं की उद्या सकाळी तीन बॅनर द्यायचे आहेत, पण तू झोप आता, मी बघतो.

“कोणत्या अक्षरात?” तिने विचारलं.

“तू सांगशील त्या,” फैज म्हणाला.

तिने विचार केला. डोळे जड झाले होते, दिवसभराच्या एसटीने अंग मोडून गेलं होतं. “उद्या बघू,” ती म्हणाली, आणि अब्बांचे पाय चेपत तिथेच बसून राहिली.